जॅम, घाट आणि थंड इंजिन: डिझेलचा धूर केव्हा जास्त घातक ठरतो?

"डॉक्टर, आयुष्यात एक विडी ओढली नाही, तंबाखूला हात लावला नाही. मग माझ्याच फुफ्फुसांना काय झालं?"

पन्नाशी ओलांडलेल्या एका ट्रकचालकाने दवाखान्यात मला हा प्रश्न विचारला. पंचवीस वर्षे घाटातून मालवाहतूक केलेला माणूस. सकाळचा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, आणि फुफ्फुसांची तपासणी केली तर श्वासनलिका आकसलेल्या. सोबत आलेल्या पत्नीने विचारले, "हे गाडीच्या धुरामुळे असेल का?" त्यावर ते म्हणाले, "छे! गाडीतून काळा धूर येत नाही. पीयूसी पण पास आहे."

धूर काळा दिसला तरच वाईट आणि पीयूसी पास म्हणजे सगळे ठीक, हा समज फार लोकांचा आहे. प्रत्यक्षात एकच गाडी, तेच डिझेल आणि तोच चालक असला तरी गाडी कशी चालते आहे यावर धुराचे प्रमाण आणि त्यातली द्रव्ये बदलतात. हे नीट समजले तर तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना बरेच काही टाळता येईल.

थोडक्यात महत्त्वाचे

• डिझेलच्या धुरातले कण इतके बारीक असतात की ते फुफ्फुसांच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात.
• थंड इंजिन, उभ्या गाडीतले चालू इंजिन, जॅममधली थांब-चाल आणि ओझे घेऊन चढण चढणे या वेळी धूर जास्त त्रासदायक ठरतो.
• दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेले रुग्ण, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी जास्त जपावे.
• जोखीम कमी करणाऱ्या बऱ्याच सवयी फुकटच्या आहेत. पहिली सवय म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे.

डिझेलच्या धुरात नेमके काय असते?

धुरात वायू असतात आणि कण असतात. वायूंमध्ये नायट्रोजनची ऑक्साइड्स महत्त्वाची. ती श्वासनलिकांची आग करतात. कण म्हणजे मुख्यतः काजळी. कार्बनचा एक बारीक गाभा आणि त्यावर चिकटलेले अर्धवट जळलेले इंधन, इंजिन ऑइल, सल्फेट, धातूंचे अंश आणि पीएएच नावाची रसायने, अशी त्याची रचना असते. पीएएचपैकी काही कॅन्सरकारक आहेत.

आकार किती? आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. डिझेलचे बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि संख्येने पाहिले तर बरेचसे ०.१ मायक्रॉनच्या खालचे. रस्त्यावरची धूळ नाकात किंवा घशात अडकते. हे कण मात्र सरळ वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांचा परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याचे निश्चित कारण असलेल्या गटात टाकले. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा पुरावा त्यासाठी निर्णायक ठरला. घाबरून जाऊ नका. एखाद्या दिवशी धूर नाकात गेला म्हणून कॅन्सर होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षे रोज मिळणाऱ्या मात्रेचा आहे.

गाडी कशी चालते यावर धूर कसा बदलतो?

डिझेल पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि दोन्हींचा नीट मेळ. यातली एक जरी कमी पडली तरी अर्धवट जळलेले पदार्थ बाहेर पडतात.

१. थंड इंजिन सुरू करताना

सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की इंजिन थंड असते. इंधन नीट जळत नाही आणि उग्र वासाचा पांढुरका धूर येतो. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असते, पण तिचा काही भाग गरम झाल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी करणाऱ्या यंत्रणेला धूर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला लागतो. म्हणून पहिली काही मिनिटे नवी गाडीही या वायूंच्या बाबतीत जुन्या गाडीसारखी वागू शकते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा धूर कोंडतो आणि तळमजल्यावरच्या घरांत शिरतो.

२. उभी गाडी, चालू इंजिन

इथे धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण न्यूट्रलमध्ये चालणाऱ्या इंजिनाचे तापमान कमी राहते. अशा वेळी काजळी कमी असली तरी कणांवर अर्धवट जळलेले इंधन आणि ऑइल यांचा वाटा वाढतो. रंग फिका, पण चिकटलेली रसायने जास्त. शिवाय गाडी एकाच जागी उभी असते, त्यामुळे धूर पांगत नाही. एसटी स्टँड, शाळेचे फाटक, माल उतरवण्याची जागा आणि टोलनाका ही त्याची नेहमीची ठिकाणे.

३. जॅममधली थांब-चाल

पाच मीटर पुढे, ब्रेक, पुन्हा पाच मीटर. प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबला की इंधन लगेच वाढते, पण टर्बोला हवा पुरवायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणी इंधन जास्त आणि हवा कमी अशी अवस्था येते आणि काजळीचा लोट बाहेर पडतो. सिग्नल हिरवा झाल्यावर पुढच्या बसमधून निघणारा काळा भपका तो हाच. वारंवार ब्रेक लावल्याने ब्रेक आणि टायर झिजतात, त्यांचेही कण हवेत मिसळतात. आणि तुम्ही पुढच्या गाडीच्या सायलेन्सरपासून दोन-तीन मीटरवर बसलेले असता.

४. ओझे घेऊन घाट चढताना

बोरघाटात किंवा कसारा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढणारा भरलेला ट्रक आठवा. इंजिनावर पूर्ण ताण असतो, इंधन भरपूर जळते आणि फिल्टर नसलेल्या गाडीतून काळी, कोरडी काजळी मोठ्या प्रमाणात निघते. ओव्हरलोड गाडीत हे आणखी वाढते. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर चढावर जो धूर सोडतात, त्यामागेही हेच कारण आहे. लग्नाच्या मांडवातला जनरेटरसुद्धा डिझेल इंजिनच असतो. ताण वाढला की तोही असाच वागतो.

५. मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने

इंजिन गरम, वेग एकसारखा, हवा पुरेशी. निगा राखलेली गाडी दर किलोमीटरमागे सर्वात कमी धूर साधारण याच अवस्थेत सोडते.

६. फिल्टर स्वतःला स्वच्छ करताना

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली आणि नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. चांगल्या स्थितीतला फिल्टर ९० टक्क्यांहून अधिक कण अडवतो. पण साठलेली काजळी त्याला अधूनमधून जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचे तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत वाढवले जाते. या काही मिनिटांत अतिसूक्ष्म कण तात्पुरते वाढू शकतात. गाडी रोज फक्त दोन-तीन किलोमीटर, तीही जॅममधून चालत असेल, तर ही सफाई पूर्ण होत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

मग सगळ्यात विषारी धूर कोणता?

याचे एका शब्दात उत्तर नाही, कारण विषारीपणा दोन गोष्टींवर ठरतो: किती कण आले आणि प्रत्येक कणावर काय चिकटले आहे. घाटात कणांचे वजन जास्त. थंड किंवा उभ्या इंजिनात कण कमी असले तरी त्यांवरची सेंद्रिय रसायने तुलनेने जास्त. प्रयोगशाळेत वेगवेगळ्या ताणावर चालवलेल्या इंजिनांचा धूर प्राण्यांना दिला, तेव्हा परिणामही वेगवेगळे दिसले. म्हणून "माझी गाडी काळा धूर सोडत नाही" एवढ्यावर समाधान मानू नका.

आता पीयूसीबद्दल. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत गाडी उभी ठेवून, रेस देऊन, धुराचा गडदपणा मोजतात. ती तपासणी आवश्यकच आहे, कारण फार बिघडलेली गाडी त्यात सापडते. पण डोळ्यांना न दिसणारे कण त्यात मोजले जात नाहीत, आणि तीच गाडी सकाळच्या थंडीत किंवा जॅममध्ये कशी वागते हेही कळत नाही. प्रयोगशाळेतली चाचणी आणि रस्त्यावरचे वास्तव यांतली दरी २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणात जगाला दिसली. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अटही लागू झाली. पण रस्त्यावर अजून जुन्या गाड्या भरपूर आहेत.

शरीरावर काय परिणाम होतो?

फुफ्फुसे: कण श्वासनलिकांच्या अस्तराला चिकटतात आणि तिथे सूज येते. चिकट कफ वाढतो, नळ्या आकसतात. लंडनमध्ये दम्याच्या ६० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या रुग्णांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालायला सांगितले. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्या भागात फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत होत्या. तिथे चालल्यावर पहिल्या सेकंदात जोरात बाहेर फुंकता येणारी हवा ६.१ टक्क्यांपर्यंत कमी झाली. बागेत चालल्यावर झालेली घट त्याहून बरीच कमी होती. माणसे तीच, चालणे तेवढेच, फरक फक्त हवेचा.

ॲलर्जी: डिझेलचे कण आणि परागकण किंवा धूळ एकत्र आले की ॲलर्जीची प्रतिक्रिया अधिक तीव्र होते. नुसत्या धुळीने शिंकणारे मूल रस्त्याकडेच्या धुळीने जास्त का शिंकते, याचे हे एक कारण.

हृदय: हा भाग बहुतेकांना माहीत नसतो. २००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २० पुरुषांना तासभर विरळ केलेला डिझेलचा धूर देण्यात आला. अधूनमधून व्यायामही करायचा होता. स्वच्छ हवेच्या तुलनेत त्यांच्या ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण जास्त दिसली आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमताही घटली. पुढे निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगात, धूर कणांच्या फिल्टरमधून सोडल्यावर रक्तवाहिन्यांवरचे दुष्परिणाम टळले. म्हणजे दोष मुख्यतः कणांचा.

मुले: वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यांची फुफ्फुसे अजून वाढत असतात आणि त्यांचे नाक सायलेन्सरच्या उंचीच्या जवळ असते.

तुम्ही काय करू शकता?

गाडी चालवत असाल तर

• एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करा. घाट चढून आल्यावर टर्बोसाठी मिनिटभर चालू ठेवणे योग्य, पण अर्धा तास नको.
• "डिझेल गाडी दहा मिनिटे गरम करावी लागते" हा जुना समज. आजच्या मोटारी सुरू करून लगेच, पण हळू चालवल्या की लवकर गरम होतात. एअर ब्रेकच्या जड गाड्यांना हवेचा दाब भरेपर्यंत थांबावेच लागते. ते मोकळ्या जागी करा, घराच्या किंवा शाळेच्या भिंतीलगत नको.
• बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका.
• डीपीएफचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ स्थिर वेगाने चालवा. सफाईच्या वेळी सायलेन्सर फार तापतो, तेव्हा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.
• "फिल्टर काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. फिल्टर गेला की अडणारे सगळे कण तुमच्या घरासमोरच्या हवेत येतात.
• जॅममध्ये काचा बंद ठेवून आतली हवा फिरवणारे बटण वापरा. रस्ता मोकळा झाला की थोडा वेळ बाहेरची हवा घ्या, नाहीतर कार्बन डायऑक्साइड वाढून सुस्ती येते.
• पुढच्या बस-ट्रकपासून अंतर ठेवा. एअर फिल्टर, इंजेक्टर आणि ऑइल वेळेवर बघा.

दुचाकीवर किंवा पायी असाल तर

• सिग्नलला बसच्या सायलेन्सरमागे उभे राहू नका. थोडे पुढे किंवा बाजूला व्हा.
• दुचाकीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ ऊन आणि धूळ अडवतो, डिझेलचे कण नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क कण चांगले अडवतो, पण वायू अडवत नाही. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. धाप असलेल्या रुग्णांनी मास्क लावून त्रास होतो का ते आधी घरी पाहावे.
• मोठ्या रस्त्याऐवजी आतल्या गल्लीने चाला. अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण रस्त्यापासून साधारण १५० ते ३०० मीटरवर बरेच खाली येते.
• हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि धूर वर जात नाही. हमरस्त्यालगत फिरायला जात असाल तर थोडे ऊन पडल्यावर जा किंवा बाग, टेकडी निवडा. चालणे मात्र सोडू नका. त्याचे फायदे मोठे आहेत.

घरी आणि शाळेत

• घर रस्त्याला लागून असेल तर गर्दीच्या वेळी त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, मागच्या उघडा.
• शाळेच्या फाटकाशी बस आणि व्हॅनची इंजिने बंद ठेवावीत, असे पालकांनी मिळून शाळेला सांगावे. खर्च शून्य, फायदा शेकडो मुलांना.

औषधांबद्दल

दमा असलेल्यांनी रोजचा पंप बरे वाटले म्हणून बंद करू नये, आणि तातडीचा पंप प्रवासात खिशात ठेवावा, डिकीत नव्हे. तातडीचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटा. सीओपीडीच्या रुग्णांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारावे. चालक, क्लीनर, मेकॅनिक, ट्रॅफिक हवालदार आणि स्टँडवरचे विक्रेते यांनी वर्षातून एकदा स्पायरोमेट्री करून घ्यावी. फुंकण्याची साधी तपासणी आहे, सुई लागत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लवकर भेटा: तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज, पूर्वी सहज होणाऱ्या कामात धाप, कफात रक्त, किंवा कारण नसताना वजन घटणे.

ताबडतोब १०८ ला फोन करा: छातीत दाब किंवा वेदना, ती हात, जबडा किंवा पाठीत जाणे, घाम सुटणे, पूर्ण वाक्य बोलता न येण्याइतकी धाप, ओठ निळे पडणे, पंप घेऊनही आराम न पडणे. "जॅममध्ये गुदमरलं असेल" म्हणून वाट पाहू नका, आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नका.

त्या ट्रकचालकांचे काय झाले?

त्यांना मी "ही नोकरी सोडा" असे सांगितले नाही. घरात दोन मुले शिकत होती, सांगून उपयोगही नव्हता. आम्ही त्यांचा दिवस तासातासाने मांडला. सर्वात मोठा धूर घाटात मिळत असेल असे त्यांना वाटत होते. पण माल भरण्याच्या रांगेत ते रोज रात्री तीन-चार तास केबिनमध्ये झोपत, पुढे-मागे ट्रक, सगळ्यांची इंजिने चालू. तिथे बदल करणे शक्य होते. रांगेत इंजिन बंद, झोपायला रांगेपासून दूर, घाटात काचा बंद, रोजचा पंप नियमित आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. आकसलेल्या नळ्या पूर्ववत झाल्या नाहीत, तसे मी त्यांना आधीच सांगितले होते. पण पुढच्या तपासणीत आकडा आणखी घसरला नव्हता, आणि सकाळचा खोकला कमी होता.

तुमच्याही दिवसाची अशी मांडणी करून बघा. धूर सगळ्यात जास्त कुठे आणि किती वेळ मिळतो, ते कागदावर लिहा आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)